सोनकांबळे मिस्त्री आणि विमानाचा तुंबा

नांदेडपासून उदगीरपर्यंत मला ओळखणारे लोक माझ्या पाठीमागे मला ‘पंचामृत अप्पा’ म्हणतात. काही जण तोंडावरही म्हणतात, आणि मग मी त्यांना उधारीवर ऑइलचा एक डबासुद्धा देत नाही. आठवडी बाजारात रिकाम्या डब्यावर बसून बैलगाडीचं वंगण विकत मी वर आलो. तीन दुकानं उभी केली, तीही कुणाच्या बापाच्या जिवावर नाही. त्यातलं लोकांच्या काही लक्षात नाही. लक्षात आहे ते दही. हे नाव ज्या माणसामुळे पडलं त्याच्यावर माझा अजून राग आहे, आणि हे लिहायला बसलो आहे तेही रागातच. कारण लोक ही गोष्ट सांगतात ती अर्धी. त्यात मी असतो, दही असतं, आणि तो माणूस नसतोच.

त्याचं नाव सोनकांबळे. उमरीकडच्या एका खेड्यातला. पिकांवर औषध फवारणाऱ्या एका खाजगी कंपनीचं लहानसं पिवळं विमान तेव्हा नांदेडच्या धावपट्टीवर असायचं. एक पायलट बसेल एवढंच. त्या विमानाचा हा मिस्त्री. हैदराबादेत एका वर्कशॉपात पुसापुशीच्या कामाला लागला आणि पुसता पुसता शिकला, याहून जास्त त्यानं स्वतःबद्दल कधी सांगितलं नाही. बुटका, रुंद पंजाचा. खाकी शर्टाच्या डाव्या खिशात स्वच्छ फडकं आणि उजव्यात मळकं. ही फडकी कधीही खिसा बदलत नसत. एकदा माझ्या धोतरावर चहा सांडला म्हणून मी घाईनं त्याच्या डाव्या खिशाला हात घातला, तर त्यानं माझं मनगट धरलं आणि उजव्या खिशातलं फडकं माझ्या हातात दिलं.

‘चहाला हे,’ म्हणाला.

‘अन् ते कुणाला?’

‘ते इमानाला.’

तो पहिल्यांदा माझ्या नांदेडच्या दुकानात आला तो ग्रीस बघायला. मी डबा उघडला. त्यानं चिमूटभर ग्रीस अंगठ्यावर घेतलं, बराच वेळ चोळलं, वास घेतला, त्यावर पाण्याचा एक थेंब सोडला आणि थेंब कुठं जातो ते बघत बसला. ‘दुसरं दाखवा.’ असे तीन डबे झाले. माझं डोकं तापलं. मी म्हणालो, ‘सोयरीक करायची हाय का ग्रीसशी?’ तो हसला नाही. चौथ्या डब्याला त्यानं मान डोलावली.

मी भाव सांगितला. गिऱ्हाइकानं खाली ओढावं, मी थोडं सोडावं, त्यानं अजून ओढावं, यासाठी जेवढी जागा ठेवावी लागते तेवढी ठेवून सांगितला. त्यानं सरळ नोटा काढल्या आणि गल्ल्यावर ठेवल्या.

‘अहो, कमी करा तरी म्हणा,’ मी म्हणालो.

‘माल बराबर हाय. कशाला म्हनू?’

भाव न करणाऱ्या गिऱ्हाइकापुढे माझ्यासारखा माणूस उघडा पडतो. मी स्वतःच भाव उतरवला. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. आणि तोटा भरून काढावा म्हणून म्हणालो, ‘ह्याच्यात हे दुसरं निम्मं मिसळा, लई स्वस्त पडेल.’

तेव्हा तो गंभीर झाला. ‘अप्पा, दोन जातींचं ग्रीस एका जागी चालत न्हाई. पातळ होऊन वाहून जातं.’ मग डबा उचलता उचलता म्हणाला, ‘माणसाचं चालतं. ग्रीसचं न्हाई.’

मी लिंगायत, तो बौद्ध, दुकानात चार माणसं उभी. त्यानं ते टोमणा म्हणून म्हटलं की नुसती ग्रीसची माहिती म्हणून सांगितलं, हे मला आजवर कळलेलं नाही. चेहरा सारखाच होता.

पुढे माल पोहोचवायला मी स्वतः धावपट्टीवर जाऊ लागलो. जायची गरज नव्हती, पण विमान जवळून बघायला कुणाला आवडत नाही? विमानाच्या पंख्याची पाती आपल्या घरच्या पंख्यासारखी घट्ट बसवलेली नसतात, हे मला तिथं कळलं. प्रत्येक पातं आपल्या मुळाशी थोडं वळतं. विमान चढताना एक कोन, सरळ उडताना दुसरा. दोन्ही पात्यांची मुळं ज्या मधल्या पोलादी गोळ्यात बसतात, त्याला सोनकांबळे तुंबा म्हणायचा, बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्यासारखा. पायलटनं आत दांडी ओढली की तुंब्यातल्या तुंब्यात पाती वळतात.

‘अन् तुंबा गंजला तर?’

‘पाती अडकतात.’

‘अडकली तर?’

‘मंग पायलट जिथं आसल तिथून खाली येतो,’ तो म्हणाला, कुणाची बस चुकली हे सांगावं तशा आवाजात.

तुंब्यात ग्रीस भरायची त्याची एक रीत होती. प्रत्येक पात्याच्या मुळाशी ग्रीस भरायची दोन निप्पलं. तो आधी एक निप्पल पूर्ण काढून टाकायचा, मग दुसऱ्यातून हळूहळू ग्रीस दाबायचा. जुनं, काळवंडलेलं ग्रीस उघड्या भोकातून बाहेर येऊ लागे. नवं, स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत दाबायचं, मग थांबायचं. भोक उघडं न ठेवता भरलं तर आतला दाब जायला जागा राहत नाही आणि ग्रीस अडवून धरणारी रबराची कडी फाटते. ‘पहिलं निघायची वाट करा, मंग आत भरा’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते तो कुठंही वापरायचा. रेशनच्या दुकानाबाहेरच्या रांगेत, पोटदुखीवर, भांडणात.

एकदा तो माझ्या जीपमध्ये होता आणि नाक्यावर जकातीच्या कारकुनानं माझे डबे अडवले. मी जीपमधून उतरलो तोच ओरडत. कारकुनानंही आवाज चढवला. मी त्याची बदली हिमायतनगरला करून दाखवतो म्हणालो, तो म्हणाला करा, तिथं निदान पाणी तरी असेल. सोनकांबळे मागून आला, मला बाजूला सारलं आणि कारकुनाला विचारलं, ‘साहेब, तुमच्याकडं टँकर कवा येतो?’ बस. कारकून दहा मिनिटं बोलत होता. टँकर, बायको, सासरा, सासऱ्याचं गुडघ्याचं दुखणं. बोलून झालं, घाम पुसला आणि आपल्या हातानं पावतीवर शिक्का मारला.

जीप सुरू केल्यावर सोनकांबळे म्हणाला, ‘त्याच्यात आधीच गच्च भरलं व्हतं, अप्पा. तुम्ही वरून आजून भरून राहिले.’

त्याची दुसरी सवय म्हणजे पाती असलेली कुठलीही वस्तू फिरून थांबली की तिची पाती आडवी करून ठेवणं. विमान उतरलं, इंजिन थांबलं की तो जाऊन पंखा हातानं जरासा फिरवायचा आणि दोन्ही पाती जमिनीला समांतर करायचा. पातं उभं राहिलं तर त्यावरचं दव, पाणी, औषधाचे ओघळ सरळ मुळात उतरतात आणि तुंब्यात जाऊन बसतात. हे विमानापुरतं ठीक होतं. पण माझ्या दुकानातला टेबलफॅन बंद केला तरी तो उठून त्याची पाती बोटानं सारखी करायचा. फॅनला तीन पाती होती, ती काही केल्या आडवी होत नसत. तो त्यावर खरोखर विचार करत बसायचा.

मग दुष्काळाची वर्षं आली. कापूसच उगवला नाही तर फवारायचं कशावर? पिवळं विमान महिनोन् महिने जागेवर उभं. पायलट हैदराबादला जाऊन बसला. महिन्या-दोन महिन्यांनी तिकडून तपासणीचा इंजिनिअर येऊन सही करून जायचा. सोनकांबळेला मात्र काम वाढलं. रोज सकाळी तो विमानाला ‘जाग’ द्यायचा. म्हणजे पंखा हातानं फिरवायचा, आणि आठवड्यातून एकदा इंजिन चालू करून आतली दांडी तीनदा मागेपुढे करायचा, पाती वळवायचा, म्हणजे आतलं तेल-ग्रीस सगळीकडे पोहोचतं.

मी म्हणालो, ‘पावसाचा थेंब न्हाई अन् तुम्हाला गंजाची भीती?’

त्यानं तुंब्याच्या खाचेतून नखानं पांढरट भुकटी काढली. फवारणीचं औषध. ‘हे मिठासारखं हाय. पहाटंच्या हवेत जेवढी ओल आसती तेवढी वढून घेतं. चालू इमानाला गंज धरत न्हाई अप्पा, बसल्या इमानाला धरतो.’

ही भुकटी पुसायला स्वच्छ पाणी लागायचं, आणि पाणी एक दिवसाआड टँकरनं यायचं. धावपट्टीच्या कडेला कंपनीच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको गयाबाई राहायचे. घरच्या वाट्याच्या पाण्यातून तो रोज एक तांब्या घ्यायचा, फडकं भिजवून घट्ट पिळायचा आणि तुंबा पुसायचा. कधी ओतायचा नाही. ओतलेलं पाणी घाण धुण्याऐवजी तिला आत ढकलतं, असं त्याचं म्हणणं. पुसून झालं की कोरडं फडकं, मग तेलाचा पातळ हात.

टँकरच्या रांगेतल्या बायका बोलायच्या. ‘माणसाला प्यायला न्हाई अन् मिस्त्री इमानाला आंघोळ घालतंय.’

‘आंघोळ न्हाई मावशी, नुसतं तोंड पुसतो.’

यावर गयाबाई रांगेतूनच म्हणाली, ‘माझं तोंड पुसलं का कधी?’

सगळी रांग हसली. दुसऱ्या टँकरला मी तिथं होतो. सोनकांबळे डाव्या खिशातलं स्वच्छ फडकं भिजवून, पिळून, घडी करून तळहातावर घेऊन आला आणि रांगेत तिच्यासमोर उभा राहिला. गंभीर. गयाबाईनं घागर खाली ठेवली, फडकं घेतलं, त्याच्याच तोंडावरून खसाखसा फिरवलं आणि परत दिलं. ‘जा आता माझ्या सवतीकडं,’ म्हणाली. ते फडकं त्यानं उजव्या खिशात घातलं, विमानाला आता चालणार नव्हतं म्हणून.

असा तो दुष्काळ चालू असतानाच उस्मानाबादेतून लातूर फुटून वेगळा जिल्हा होणार हे पक्कं झालं. मी नांदेडला बसून असलो तरी मूळ तिकडचा, आणि नव्या जिल्ह्याच्या गावात माझं नवं दुकान उघडणार होतो. तिथल्या व्यापाऱ्यांनी स्वागतसभेसाठी समिती केली, तीत मी होतो. कमान कुणी करायची, जेवण कुणी द्यायचं यावर वाद चालला होता. मला वाटलं, असं काही बोलावं की सगळे गप्प व्हावेत. बोललो: सभेवर विमानातून फुलं टाकू.

सगळे गप्प झाले खरे.

कंपनीचे मॅनेजर राव साहेब हैदराबादचे. त्यांच्याशी मी दोन दिवस घासाघीस केली. औषधाच्या टाकीत झेंडूच्या पाकळ्या भरायच्या आणि सभेवर आल्यावर पायलटनं खालची झडप उघडायची, मग तिथल्याच माळावरच्या पट्टीवर उतरायचं असं ठरलं. विमानाच्या पोटावर माझ्या नव्या दुकानाचं नाव रंगवायचं हेही ठरलं. शेवटी रंगसुद्धा मी त्यांच्याकडूनच काढला.

सभेला सहा दिवस होते तेव्हा सोनकांबळे दोन दिवसांसाठी बहिणीकडे गेला, तिचा पाय मोडला होता. जाताना त्यानं पाती आडवी केली आणि मला सांगितलं, ‘रंग पोटाला लावा. तुंब्याकडं जाऊ नका.’

आता मी जे केलं ते का केलं ते सांगतो. आमच्याकडे पाऊस रुसला की महादेवाला पाण्यात कोंडतात. पिंड बुडेपर्यंत गाभाऱ्यात पाणी ओतायचं. त्या वर्षी गाभारा भरेल एवढं पाणी माझ्या माहितीतल्या एकाही गावात नव्हतं. रंगारी पोटावर नाव काढत होता आणि मी विमानासमोर उभा होतो. तुंब्यावर एरवी एक पत्र्याची टोपी असते, पण तुंबा रोज डोळ्यांसमोर राहावा म्हणून मिस्त्रीनं ती कधीच काढून ठेवली होती. काळा, गोल, तेलानं चमकणारा तो तुंबा. मला पिंड दिसली. आणि हा महादेव तर थेट ढगांपर्यंत जाणारा. याहून सोयीचा महादेव कुठं मिळणार होता?

दूध, दही, तूप, मध, साखर आणवली. वर नारळाचं पाणी. अर्धापूरची केळी, तिथल्या बागाही तेव्हा वाळत चालल्या होत्या, तरी मिळवली. आडव्या पात्यावर हार लोंबतो, उभ्या पात्यावर शोभतो, म्हणून पातं उभं केलं. शिडीवर चढून पात्याच्या टोकाकडून धार सोडली की ती बरोबर तुंब्यावर येत होती. चौकीदार म्हणाला, ‘मिस्त्री खवळतील बगा.’ मी म्हणालो, ‘तुपानं वंगणच होतंय.’ सगळं झाल्यावर बाहेरून स्वच्छ पुसून घेतलं. मी काही अडाणी नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सोनकांबळे परतला. विमानापासून वीस पावलांवर थांबला.

‘मुंग्या कुठं चालल्यात?’

मी पाहिलं. चाकावरून, इंजिनावरून एक बारीक लाल रांग चढत होती आणि पात्याच्या मुळाशी तुंब्यात शिरत होती. त्यानं जवळ जाऊन नाक लावलं.

‘दही?’

‘पंचामृत,’ मी म्हणालो.

तो खाली मातीत बसला. तिथूनच विचारलं, ‘केळं पण?’

‘केळं नुसतं दाखवलं.’

‘तेवढं तरी बरं केलं,’ तो म्हणाला. ‘अप्पा, हे इमान लातूरला जात न्हाई.’

माझा राग कसा असतो हे नांदेडच्या बाजारात विचारा. समितीला मी काय सांगणार होतो? झेंडूची पोती हैदराबादच्या बाजारातून निघाली होती. नाव रंगवून झालं होतं. मी फोन केला, राव साहेब दुसऱ्या सकाळी आले. मी त्यांना जे सांगितलं ते इथं लिहितो, नाहीतर मीही गोष्ट अर्धीच सांगितली असं होईल. मी म्हणालो, ‘ह्या माणसाला आमची पूजा खुपते. ह्यांच्यात देव मानत नाहीत, म्हणून खोटं कारण काढून विमान अडवून धरलंय. ह्याला काढा, नाहीतर समिती वरपर्यंत तक्रार करेल.’

सोनकांबळे तिथंच उभा होता.

राव साहेबांना समितीशी वाकडं नको होतं. ते त्याला म्हणाले, ‘विमान ठीक आहे असं लिही, नाहीतर आज हिशेब घे आणि जा.’ खोल्या कंपनीच्या होत्या. नोकरी गेली की घर त्याच दिवशी जाणार. गयाबाई दारात उभी राहून ऐकत होती.

‘पूजेचं माझं काही म्हननं न्हाई, साहेब,’ सोनकांबळे म्हणाला. ‘अप्पा दसऱ्याला तराजूची पूजा करतात, मी पेढा खाल्लेला हाय. पर तराजूच्या काट्यात कुनी दही सोडत न्हाई.’ मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘तुम्हीच बघा. मी सांगत न्हाई, तुमचा हात सांगल.’

त्यानं दोन्ही पात्यांच्या मधल्या जोडण्या मोकळ्या केल्या. पातं धरून वळवायची एक लाकडी पकड असते, ती आधी, पूजेच्या वेळी जे पातं खालच्या बाजूला होतं, त्याला लावली आणि दांडा माझ्या हातात दिला. मी वळवलं. दाट साय ढवळावी तसं ते सरकलं. मग पकड दुसऱ्या पात्याला लावली, ज्याच्यावरून मी धार सोडली होती. ते थोडं वळलं आणि थांबलं. मी जोर लावला. आत काहीतरी करकरलं, सुटलं, पुन्हा थांबलं.

मग त्यानं त्या मुळाचं एक निप्पल काढलं आणि दुसऱ्यातून ग्रीस दाबलं. भोकातून आधी नासलेल्या दुधासारख्या कण्या आल्या. नंतर आली ती तांबूस रेघ. आणि चार-पाच मुंग्या.

राव साहेबांनी रुमाल नाकाला लावला. त्यांना ग्रीसमधलं काही कळत नव्हतं आणि हात घाण करायचा नव्हता. ते मला म्हणाले, ‘अप्पा, तुम्ही ह्याच धंद्यातले. तुम्ही सांगा. उडवायचं का?’

मी तीस वर्षं वंगण विकतो. आयुष्यभर माल चांगला नसताना चांगला म्हणून विकला आहे, नाकारण्यात अर्थ नाही. सभेला तीन दिवस होते. लातूरजवळच्या माळावरची मुरूम टाकलेली पट्टी आखूड, तिच्या टोकाला सभेचा मांडव, आणि मांडवात माझीच बायको पुढच्या रांगेत बसणार होती. पण ते मला नंतर सुचलं. तेव्हा हातात तो दांडा होता आणि हाताला जे लागलं ते लागलं होतं.

‘अडकतंय,’ मी म्हणालो.

त्या एका शब्दानं सोनकांबळेची नोकरी राहिली, आणि माझी दोन जिल्ह्यांत शोभा झाली. गयाबाई दारातून आत गेली. जरा वेळानं तिनं बिनदुधाचा चहा आणला, पहिला कप मला दिला. मी तो रागानं प्यालो.

एवढ्यावर भागलं असतं. पण विमानाचं एक रजिस्टर असतं, त्यात मिस्त्रीनं काय सापडलं आणि काय केलं ते लिहायचं असतं. सोनकांबळेनं बसून सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘वरील पात्याच्या मुळात दूध, दही, तूप, मध, साखर, नारळपाणी. मुंग्या. तुंबा उघडून साफ करण्यास हैदराबादला पाठवणे.’

‘हे खोडा,’ मी म्हणालो. ‘धूळ लिहा.’

‘धूळ निघाली न्हाई.’

‘बरं, ओल लिहा. ओल तर होतीच.’

‘कशाची ओल ते लिहावं लागतं.’

‘दूध लिहा मग. दही काढा.’

‘दह्यानंच तर गंज धरला, अप्पा.’

‘मध तरी काढा. मधानं काय केलं तुमचं?’

‘मुंग्या मधानं आल्या.’

मी साखरेवर आलो, नारळावर आलो. आयुष्यात एवढी घासाघीस मी कधी केली नव्हती आणि एक शब्दही सुटला नाही. शेवटी त्यानं पेन खाली ठेवलं. ‘माझ्या मागं दुसरा मिस्त्री हा तुंबा उघडल. आत काय गेलं व्हतं ते त्याला कळाया पायजे, न्हाईतर तो नुसता पुसून बंद करल. तुमचं नाव मी लिहिलेलं न्हाई. कुनी घातलं त्यानं तुंब्याला फरक पडत न्हाई.’

नाव लिहायची गरजच पडली नाही. हैदराबादच्या वर्कशॉपात रजिस्टर वाचलं गेलं, पायलटनं ते ऐकलं आणि लातूरची पट्टी बघायला आला तेव्हा तिथल्या चहाच्या हॉटेलात सांगितलं. माझ्या नव्या दुकानावर पाटी लागण्याआधी मला हे नाव लागलं.

सभेला विमान आलं नाही. समिती म्हणाली, पाकळ्या मांडवाच्या छतावरून टाकू. मी पोती दिली नाहीत. विमानाची फुलं आहेत, छतावरून टाकायची असतील तर आपापली आणा, असं सांगून सगळी पोती नांदेडच्या दुकानाच्या माळ्यावर नेऊन ठेवली. हट्ट म्हणा.

दहा-बारा दिवसांनी तुंबा साफ होऊन परत आला. सोनकांबळेनं तो बसवला, पायलटनं नांदेडला विमान दोनदा उडवून पाहिलं, आणि लातूरच्या आखूड पट्टीवरही एकदा उतरवून बघायचं ठरलं. आदल्या दिवशी तो दुकानात आला. मी त्याच्याशी बोलत नव्हतो.

‘अप्पा, फुलं हायेत का आजून?’

‘वाळली.’

‘चालतंय की. टाकीची झडप तपासायची हाय. रिकामी तपासून काय कळणार?’

पोती त्यानंच सायकलवरून दोन खेपांत नेली. सकाळी मी त्याला जीपमध्ये घालून लातूरला आणलं, पायलट मागून उडणार होता. माळावर कुणी नव्हतं. मांडव उतरवलेला, त्याच्या खुंट्यांची भोकं तेवढी राहिली होती. आम्ही पट्टीच्या कडेला उभे राहिलो.

विमान आलं. पोटावरचं माझ्या दुकानाचं नाव अगदी स्वच्छ दिसलं, वाचायला मी एकटा. पायलटनं झडप उघडली. वाळलेल्या झेंडूचा एक तांबूस ढग सुटला आणि वाऱ्यावर पसरत सगळ्या पट्टीवर, जीपवर, माझ्या टोपीवर आला. मी वर बघत राहिलो. सोनकांबळे बघत नव्हता. मान खाली घालून, डोळे मिटून तो आवाज ऐकत होता. विमान वर चढलं, मग सरळ झालं, तसा त्याचा आवाज बदलला, जाड झाला. पाती वळली होती. तेव्हा त्यानं डोळे उघडले, आणि पट्टीकडे बघून कपाळाला हात लावला.

‘अप्पा, सरका. त्याला उतरायचंय अन् सगळी पट्टी भरून ठिवली.’

जीपच्या मागच्या बाजूला त्यानं खराटा ठेवलाच होता. पायलटला वर चकरा मारायची खूण करून तो पट्टी झाडायला लागला, म्हणजे पाकळ्या उडून तुंब्यात जायला नकोत. पुढच्याच हंगामात कंपनीनं विमान आणि त्याला दोघांनाही आंध्राकडे हलवलं, आणि मी त्याला पुन्हा पाहिलं नाही. म्हणून माझ्या आठवणीत तो आहे तो असाच, उन्हात कमरेत वाकून मुरमावरचा झेंडू झाडणारा, आणि वर घिरट्या घालणारं पिवळं विमान.

मी खराटा हातात घेतला नाही. तेवढा मोठेपणा माझ्यात नव्हता, आणि राग गेला नव्हता. पण जीप सुरू करून निघूनही गेलो नाही. पट्टीच्या कडेकडेनं त्याच्या बरोबरीनं चालत राहिलो.

‘तिकडं दोन राहिल्या,’ मी म्हणालो.

‘बघितल्या मी,’ तो म्हणाला, आणि तिकडं वळला.